सीटखालची पांढरी वायर

पुण्यात नळस्टॉपच्या दुमजली पुलाखाली सकाळचे अकरा वाजलेत. डोक्यावरून मेट्रो जातेय, खाली परिवहन विभागाचं वायुवेग पथक उभं आहे. सिग्नलला एक बिननंबराची इलेक्ट्रिक स्कूटर थांबते. पोराच्या पाठीवर जेवणाची चौकोनी बॅग. निरीक्षक हातानेच त्याला बाजूला घेतात.

"लायसन्स?"

"याला लागत नाही साहेब. लो-स्पीड आहे, पंचवीसची."

पोरगा खोटं बोलत नाहीये. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची ताकद २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती गाडी मोटार वाहन धरलीच जात नाही. नोंदणी नको, विमा नको, लायसन्स नको. नीट ब्रेक, पुढे पांढरा नि मागे लाल रिफ्लेक्टर असला की झालं.

निरीक्षक गाडी डबल स्टँडवर घेतात आणि मूठ पिळतात. मीटरवर आकडे चढतात: ३१, ३८, ४६.

"साहेब, चाक हवेत आहे. रस्त्यावर एवढी पळत नाही."

हेही खरंच. म्हणून ते सीट उचलायला लावतात. कंट्रोलरमधून निघालेल्या वायरींच्या जुडग्यात पांढऱ्या वायरीचा जोड सुटा आहे, दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळलेली. जोड लावलेला असेल तर गाडी पंचविशीत राहते, काढला की मोकाट.

"हे कुणी केलं?"

"आठवड्याच्या भाड्यावर घेतलीय साहेब. अशीच मिळाली." मग आवाज खाली येतो, "पंचवीसने गेलो तर ऑर्डर वेळेत पोचत नाही."

वेग वाढला, सवलत गेली. आता नोंदणी नाही, विमा नाही, लायसन्स नाही, असे वेगवेगळे गुन्हे चलानावर चढतात. पाठोपाठ स्कूटर टेम्पोत चढते. पोरगा फूटपाथवर बॅग टेकवून ग्राहकाला फोन लावतो, "दादा, जरा उशीर होईल."

अशा गाड्यांची मॉडेलं तपासून प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्था इथून जवळच, वेताळ टेकडीवर आहे. पण तिथे तपासला जातो कंपनीने दिलेला नमुना. विकल्यानंतर गाडीचं काय केलं, हे आरटीओच्या दप्तरात शोधायची सोय नाही, कारण नोंदणीच नाही.

कायदा मात्र दुबळा नाही. २०१९च्या दुरुस्तीने बदललेलं कलम १८२-अ नियमबाह्य वाहन विकणाऱ्या किंवा त्यात फेरफार करणाऱ्या विक्रेत्याला दर गाडीमागे एक लाख रुपये दंड सांगतं, वर कैदेचीही तरतूद आहे. सिग्नलवर सापडतो तो भाडेकरू. वायर सुटते दुकानात आणि गॅरेजात, तेव्हा पथकाची पहिली फेरी तिथेच व्हायला हवी.