विश्लेषण : ‘इद्दतच्या काळात’ की ‘इद्दतच्या काळापुरती’? तलाकनंतरच्या पोटगीचा चाळीस वर्षांचा वाद

महिना १७९ रुपये २० पैसे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १ जुलै १९८० रोजी इंदूरच्या शाहबानो यांना मंजूर केलेली ही पोटगी. त्याआधी खालच्या न्यायालयाने महिना २५ रुपये ठरवले होते. पती व्यवसायाने वकील आणि त्याची वार्षिक कमाई साधारण ६० हजार रुपये असल्याचे पत्नीचे म्हणणे होते. तरीही हे १७९ रुपये द्यायला लागू नयेत म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. पुढे जे घडले त्याने देशाचे राजकारण ढवळून निघाले. पण राजकारणाच्या गदारोळात मूळचा साधा प्रश्न बाजूला पडला : तलाक झालेल्या मुस्लीम स्त्रीच्या पोटापाण्याची जबाबदारी नेमकी कोणाची आणि किती काळ? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा एकदा उत्तर दिले.

मेहेर, इद्दत आणि मताअ म्हणजे काय?

इस्लाममध्ये निकाह हा करार मानला जातो. त्या करारात पतीने पत्नीला द्यायची रक्कम किंवा वस्तू म्हणजे मेहेर. ती बापाला नव्हे, थेट वधूला द्यायची असते आणि तिच्यावर फक्त तिचाच हक्क असतो. स्त्रीला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगण्याचा हा हक्क सातव्या शतकापासूनचा आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे. व्यवहारात मात्र मेहेर बहुतेकदा ‘उधार’ ठेवली जाते, रक्कम नाममात्र असते आणि ती आठवते ती थेट तलाकच्या वेळी.

तलाकनंतर स्त्रीला पुनर्विवाहापूर्वी जो काळ थांबावे लागते तो इद्दत. साधारण तीन मासिक पाळ्यांचा, म्हणजे सुमारे तीन महिन्यांचा; स्त्री गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंतचा. या काळातला तिचा खर्च पतीने करायचा, यावर कोणाचेच दुमत नाही. वाद आहे तो त्यानंतरच्या आयुष्याचा. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील २४१वी आयत तलाक दिलेल्या स्त्रियांसाठी रीतसर तरतूद करण्याचे कर्तव्य सांगते. या तरतुदीला ‘मताअ’ असा शब्द आहे. ती पतीच्या मर्जीवर आहे की त्याच्यावर बंधनकारक, एकरकमी निरोपाची भेट आहे की पुढच्या जगण्याची सोय, यावर धर्मशास्त्राच्या पंडितांत पूर्वीपासून मतभेद आहेत. म्हणजे वाद केवळ ‘धर्म विरुद्ध न्यायालय’ असा नाही. तो धर्माच्या आतही आहे.

शाहबानो प्रकरणात काय घडले?

शाहबानो यांचा निकाह १९३२ सालचा. तीन मुलगे, दोन मुली. १९७५ मध्ये, म्हणजे ४३ वर्षांच्या संसारानंतर, त्यांना घराबाहेर काढण्यात आले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी दंडप्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिना ५०० रुपये पोटगी मागितली. अर्ज प्रलंबित असतानाच नोव्हेंबरमध्ये पतीने तलाक दिला आणि न्यायालयात भूमिका घेतली, की आता ही माझी पत्नीच नाही. मेहेरचे तीन हजार रुपये भरले, इद्दतचा खर्चही दिला, विषय संपला.

कलम १२५ हे स्वस्त आणि झटपट उपाय म्हणून आहे. कोणी उपाशी, निराधार राहू नये एवढाच त्याचा हेतू. ते सर्व धर्मीयांना लागू. १९७३ मध्ये संहिता नव्याने करताना ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटितेचाही समावेश झाला. तेव्हा मुस्लीम नेत्यांच्या आक्षेपामुळे एक पळवाटही ठेवली गेली : व्यक्तिगत कायद्यानुसार तलाकच्या वेळी द्यायची संपूर्ण रक्कम मिळाली असेल, तर पोटगीचा आदेश रद्द करता येईल. पतींनी याच तरतुदीचा आधार घेतला. मुंबईहून गेलेल्या बाई ताहिरा प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनी १९७८ मध्येच या पळवाटेला चाप लावला होता. दिलेली रक्कम जगायला पुरेल अशी असली पाहिजे, नाममात्र पैसे देऊन सुटका नाही, असे त्यांनी बजावले होते.

२३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यांच्या घटनापीठाने तेच सूत्र पुढे नेले. मेहेर ही विवाहामुळे देय होते, तलाकमुळे नव्हे; त्यामुळे ती दिली म्हणून पोटगी टळत नाही, असा हा बिनतोड युक्तिवाद होता. न्यायालयाने कुराणातील आयतींचाही दाखला दिला, समान नागरी कायद्याविषयी टिप्पणी केली आणि पतीला १० हजार रुपये खर्चापोटी द्यायला लावले. निकाल कायद्याच्या अंगाने भक्कम होता. मात्र धर्मग्रंथाचा अर्थ लावणे आणि समान नागरी कायद्याचा उल्लेख, या दोन गोष्टींनी विरोधकांना आयते निमित्त मिळाले.

मग १९८६चा कायदा का आला?

निकालाविरोधात मोर्चे निघाले. मुस्लीम पर्सनल लॉ बोर्डाने आघाडी उघडली. वातावरण इतके तापले, की नोव्हेंबर १९८५ मध्ये सत्तरीकडे झुकलेल्या शाहबानो यांनी स्वतःच निकाल नाकारत असल्याचे जाहीर केले. ज्या बाईने सात वर्षे लढून हक्क मिळवला, तिलाच तो परत करावा लागला. लोकसभेत ४००हून अधिक जागा असलेल्या राजीव गांधी सरकारने सुरुवातीला निकालाची बाजू घेतली होती. आरिफ मोहम्मद खान यांनी संसदेत त्याचे समर्थन केले होते. नंतर सरकारने माघार घेतली, खान यांनी राजीनामा दिला आणि मे १९८६ मध्ये ‘मुस्लीम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा’ झाला.

या कायद्यानुसार पतीने इद्दतच्या काळात ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद व पोटगी’ द्यायची, मेहेर आणि लग्नातील चीजवस्तू परत करायच्या. इद्दतनंतरही स्त्री निराधार राहिली तर जबाबदारी तिच्या वारसदार नातलगांवर, तेही नसतील तर वक्फ मंडळावर. म्हातारे आईबाप किंवा आधीच ओढाताण असलेला भाऊ यांच्या दारात तिने जायचे, असा त्याचा सरळ अर्थ. कायद्याच्या नावात संरक्षण होते. सुटका मात्र पतीची झाली, असेच तेव्हा सर्वांना वाटले. विरोधकांना आणि समर्थकांनाही.

एका शब्दाने बाजू कशी पालटली?

शाहबानो यांचे वकील दानियल लतीफी यांनी या कायद्यालाच आव्हान दिले. २८ सप्टेंबर २००१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायदा रद्द केला नाही. तो वेगळ्या प्रकारे वाचला. कायद्यात तरतूद ‘इद्दतच्या काळात’ द्यावी असे म्हटले आहे, ‘इद्दतच्या काळापुरती’ असे नाही. म्हणजे तीन महिने ही पैसे देण्याची मुदत आहे, पैसे किती काळ पुरावेत याची मर्यादा नव्हे. शिवाय ‘तरतूद’ आणि ‘पोटगी’ हे दोन शब्द वेगळे आहेत. पोटगी तीन महिन्यांची, पण तरतूद तिच्या पुढच्या आयुष्याची, पुनर्विवाह होईपर्यंतची. तीही पतीने त्या तीन महिन्यांतच एकरकमी करायची!

केरळ आणि गुजरात उच्च न्यायालयांनी १९८८ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये असाच अर्थ लावला होता. गंमत अशी, की ज्या कायद्याने हक्क गेला असे मानले जात होते, त्याच कायद्याखाली काही स्त्रियांना लाखांतल्या रकमा मिळू लागल्या. तेव्हा कलम १२५ खाली मात्र महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ मध्येच हटली.

तोंडी तलाक पुरेसा आहे का?

पोटगीच्या खटल्यांत एक हुकमी डाव असे. पत्नीने अर्ज केला, की पती लेखी म्हणण्यात ‘मी तलाक दिला आहे’ असे एक वाक्य टाकून द्यायचा. औरंगाबाद खंडपीठातील दगडू पठाण प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मे २००२ मध्ये हा डाव मोडला. तलाकला रास्त कारण हवे, आधी दोन्हीकडच्या मध्यस्थांकडून समेटाचा प्रयत्न झालेला हवा आणि हे सारे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागेल, असे त्यात ठरले. मध्यस्थांची अट कुराणातच आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शमीम आरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायराबानो प्रकरणात ३ विरुद्ध २ अशा बहुमताने एका दमात दिलेला तिहेरी तलाक बाद झाला आणि २०१९च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला.

महाराष्ट्रात हा प्रश्न न्यायालयांच्या कितीतरी आधी रस्त्यावर आला होता. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर अवघ्या सात मुस्लीम स्त्रियांचा मोर्चा नेला. मागण्या होत्या तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याच्या. सात हा आकडा आज हसण्यावारी नेता येईल. पण घराचा उंबरठा ओलांडून धर्माच्या पुढाऱ्यांना जाहीर विरोध करायला तेव्हा सात जणी निघाल्या, हेच मोठे होते. पुढे १९७० मध्ये पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. सय्यदभाई यांच्यासारखे कार्यकर्ते तलाकपीडितांसाठी पन्नास वर्षे झिजले.

२०२४च्या निकालाने नवे काय दिले?

१९८६चा कायदा आल्यावर कलम १२५चे दार मुस्लीम घटस्फोटितेला बंद झाले का, याबाबत गोंधळ राहिला होता. २००९ मध्ये शबानाबानो प्रकरणात ‘बंद नाही’ असे उत्तर मिळाले, तरी पती तोच आक्षेप घेत राहिले. तेलंगणातील एका पतीला कुटुंब न्यायालयाने महिना २० हजार रुपयांची अंतरिम पोटगी लावली. उच्च न्यायालयाने ती १० हजारांवर आणली. तेवढ्यावरही तो दिल्लीला गेला. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी स्वतंत्र पण एकमताची निकालपत्रे देऊन त्याचे अपील फेटाळले.

घटस्फोटित मुस्लीम स्त्रीला दोन्ही मार्ग खुले आहेत, असे या निकालाने स्पष्ट केले. हवे तर कलम १२५, हवे तर १९८६चा कायदा, हवे तर दोन्ही. १९८६चा कायदा हा जादाचा हक्क आहे, आधीच्या हक्काची जागा घेणारा नव्हे. तिहेरी तलाक दिला गेलेल्या स्त्रीलाही २०१९च्या कायद्यातील निर्वाह भत्त्याशिवाय हा मार्ग मोकळा आहे. न्या. नागरत्ना यांनी जाता जाता गृहिणींसाठी संयुक्त बँक खाते आणि एटीएम कार्डाचाही मुद्दा मांडला, तो सर्वच धर्मांतल्या नवऱ्यांनी वाचावा असा आहे. पर्सनल लॉ बोर्डाने मात्र चारच दिवसांत हा निकाल शरियतविरोधी असल्याचा ठराव केला.

अन्य मुस्लीम देशांत काय स्थिती आहे?

एकसारखी नाही. इजिप्तमध्ये पत्नीची संमती नसताना आणि तिचा दोष नसताना तलाक दिला, तर किमान दोन वर्षांच्या पोटगीइतका मताअ कायद्यानेच द्यावा लागतो. ट्युनिशियाने १९५६ मध्ये न्यायालयाबाहेरचा तलाकच संपवला आणि १९८१ मध्ये घटस्फोटितेला मासिक भरपाईचा पर्याय दिला. बांगलादेशात १९९५ मध्ये उच्च न्यायालयाने पुनर्विवाहापर्यंत पोटगी द्यायला सांगितले होते. वरिष्ठ पीठाने १९९८ मध्ये तो निकाल फिरवला. म्हणजे शरियत एक असली, तरी ती वाचणारी डोकी आणि सरकारे वेगवेगळी.

आज अर्ज कसा आणि कुठे करायचा?

१ जुलै २०२४ पासून कलम १२५ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ने घेतली आहे. क्रमांक बदलला, हक्क तोच. पत्नी जिथे राहते तिथल्या कुटुंब न्यायालयात, ते नसेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पतीच्या गावी जावे लागत नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा किती पडतात, हे न्यायालयाच्या बाकावर बसलेल्या कोणत्याही बाईला विचारावे. नोव्हेंबर २०२० मधील रजनेश विरुद्ध नेहा या निकालानुसार दोघांनाही उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते.

मुलांच्या बाबतीत १९८६चा कायदा जन्मापासून दोनच वर्षांची भाषा करतो. मात्र मुले सज्ञान होईपर्यंत त्यांचा स्वतंत्र हक्क कायम आहे, हे १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात ठरले आहे.

आदेश झाल्यावरही पैसे आले नाहीत, तर वसुलीसाठी वॉरंट निघते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र त्यासाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ‘आज देतो, उद्या देतो’ या आश्वासनांवर विसंबून ही मुदत उलटली, की त्यापूर्वीची थकबाकी या वॉरंटच्या मार्गाने मिळत नाही.