विष्ठेतील पेशीबाह्य पुटिका : वेगळ्या करण्याची रीत व ओळखीचा प्रश्न

सजीव पेशी आपल्या पटलाचे सूक्ष्म अंश सभोवतालच्या द्रवात सतत सोडीत असतात. वसाभांच्या दुहेरी थराने वेष्टिलेल्या या कणांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. त्यांपैकी बहुतेकींचा व्यास ३० ते १,००० नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग होय. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी रक्तातील बिंबाणूंपासून सुटणाऱ्या अशा कणांचे वर्णन केले, तेव्हा त्यांस ‘बिंबाणूंची धूळ’ असेच म्हटले होते. पेशीतील टाकाऊ द्रव्य बाहेर नेणे एवढेच पुटिकांचे कार्य असावे, ही समजूत पुढेही बराच काळ टिकली. २००७ मध्ये मात्र पुटिकांतून एका पेशीतील आरएनए दुसऱ्या पेशीत पोहोचते व तेथे कार्यही करते, असे दाखविण्यात आले. ज्या पेशीपासून पुटिका सुटते तिची प्रथिने व आरएनए ती सोबत नेते. म्हणूनच रोगनिदानाच्या दृष्टीने तिला महत्त्व आले.

आतड्याच्या रोगांत विष्ठेकडे लक्ष जावे हे साहजिकच आहे. आंत्राच्या अस्तरातील पेशींनी सोडलेल्या पुटिका विष्ठेत मिसळतात. बृहदांत्राचा कर्करोग किंवा दीर्घकालीन आंत्रदाह यांची खूण त्यांत सापडली, तर रोग्यास कोणतीही इजा न करता परीक्षा करता येईल. तथापि विष्ठा हे अत्यंत मिश्र द्रव्य आहे. तिच्या घन भागाचा मोठा हिस्सा सूक्ष्मजंतूंचा असतो आणि सूक्ष्मजंतूही पुटिका सोडतात. याशिवाय सूक्ष्मजंतूंवर वाढणारे व्हायरस, अन्नाचे अवशेष, श्लेष्मा व पित्तलवणे ही तीत असतातच. तेव्हा हाती आलेली पुटिका कोणाची, हा येथील मुख्य प्रश्न होय.

प्रथम नमुना थंड लवणद्रावणात कालवून मंद गतीच्या केंद्रोत्सारणाने तंतू व जाड कण काढून टाकतात. मग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १०,००० पट बलाने सूक्ष्मजंतू तळाशी बसवितात, आणि वरचा द्रव बहुधा ०.२२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. या गाळणीत मोठ्या पुटिकाही अडकतात, हे ध्यानात ठेवावयास हवे. नंतर सुमारे १,००,००० पट बलाने उरलेले कण खाली बसविले जातात. परंतु हा साका म्हणजे शुद्ध पुटिका नव्हेत; त्यांच्यासोबत व्हायरस आणि प्रथिनांचे पुंजकेही खाली येतात.

म्हणून पुढे आयोडिक्सॅनॉलच्या चढत्या घनतेच्या द्रावणात साका पुन्हा फिरवितात. पुटिकांची घनता बहुधा दर मिलिलिटरला १.१ ते १.२ ग्रॅम असते, तर पुष्कळ व्हायरस व प्रथिनपुंज यांहून जड असल्याने खाली राहतात. सच्छिद्र मण्यांच्या स्तंभातून द्रव सोडल्यास सुटी प्रथिने व लहान रेणू मागे पडतात. समान आकाराचे व्हायरस मात्र पुटिकांबरोबरच बाहेर येतात. यामुळे एकाच रीतीवर विसंबता येत नाही.

इतके करूनही मानवी व जंतुजन्य पुटिका वेगळ्या होतातच असे नाही, कारण त्यांचे आकार व घनता बऱ्याच अंशी सारखीच असतात. कणांची संख्या मोजणारे यंत्रही हा भेद जाणत नाही. भेद कळतो तो पृष्ठभागावरील रेणूंवरून. सीडी९, सीडी६३ व सीडी८१ ही प्रथिने मानवी पुटिकांची, तर लायपोपॉलिसॅकराइड हे ग्रॅम-ऋण सूक्ष्मजंतूंच्या पुटिकांची खूण होय. या मानवी प्रथिनांस चिकटणारी प्रतिपिंडे मण्यांवर बसवून त्या पुटिका वेचून घेता येतात. आरएनए पुटिकेच्या आतच आहे हे ठरविण्यासाठी बाहेरील प्रथिने व आरएनए विकरांनी आधी नष्ट करावी लागतात. नमुना वारंवार गोठविणे व वितळविणेही घातक ठरते. त्यामुळे पेशी फुटून त्यांच्या पटलांचे तुकडे पुटिकांसारखे दिसू लागतात.

जंतुजन्य पुटिका सर्वस्वी निरुपयोगी आहेत, असे मात्र नव्हे. बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस या सूक्ष्मजंतूच्या पुटिकांनी उंदरांतील प्रायोगिक आंत्रदाहास प्रतिबंध होतो, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्यांचा अभ्यास स्वतंत्रपणे व्हावयास हवा, एवढेच.

हा भेद न केल्यास होणारी हानी केवळ प्रयोगशाळेपुरती राहत नाही. आहार बदलला किंवा प्रतिजैविके घेतली की आतड्यातील सूक्ष्मजंतू बदलतात व त्यांच्या पुटिकाही बदलतात. हा फरक अर्बुदाची खूण मानला गेला, तर निरोगी मनुष्यास नाहक दुर्बिणीच्या तपासणीस जावे लागेल. आणि खरी खूण जंतुजन्य पुटिकांच्या गर्दीत झाकली गेली, तर रोग्यास खोटा दिलासा मिळेल. यास्तव पुटिका कोणत्या रीतीने मिळविल्या आणि कशावरून ओळखल्या, हे सांगितल्यावाचून रोगाविषयीच्या निष्कर्षास आधार राहत नाही. पेशीबाह्य पुटिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधक-संस्थेने २०१४, २०१८ व २०२३ मध्ये मांडलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही हाच आहे.