खोलीचा षड्ज

शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली. नव्या घरात गाणे ऐकण्यासाठी मला आठ फूट रुंद, बारा फूट लांब आणि नऊ फूट उंच खोली मिळाली. स्पीकर तेच, ध्वनिमुद्रिका त्याच, पण पहिल्याच संध्याकाळी आई म्हणाली, "अरे, हा गवई विहिरीत बसून गातोय का? शब्द कळत नाहीत." तिचे वय ८४. मी तिचे कान तपासून आणले. कान वयाच्या मानाने उत्तम निघाले. मग दोष कशाचा, हे शोधण्यात माझे वर्ष गेले.

आधी खोलीत टाळी वाजवून पाहिली. वाड्यात टाळी जिथल्या तिथे विरत असे. इथे ती भिंतींमध्ये झणझणत राहिली. या रेंगाळण्याला निनाद म्हणतात. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातले तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांच्याकडे असेच एक व्याख्यानगृह दुरुस्तीला आले. तिथे शब्द साडेपाच सेकंद घुमत असे. दुसऱ्या सभागृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री आणून, ऑर्गनची नळी वाजवून आणि वेळ मोजून त्यांनी नियम शोधला: खोलीचे आकारमान वाढले की निनाद वाढतो, शोषण वाढले की घटतो.

माझी खोली सुमारे साडेचोवीस घनमीटर. नियमानुसार तिला ०.१६१ ने गुणले की जवळजवळ ४ येतात. या आकड्याला शोषणाने भागायचे. शोषण ४ चौरस मीटर असेल तर निनाद एक सेकंद, ८ असेल तर अर्धा. एका सेकंदात पुढची चार अक्षरे येऊन मागच्यांवर आदळतात. वाड्यात मातीच्या भिंती, कडीपाट, सतरंज्या आणि गोधड्यांची चळत हे शोषण न सांगता करत होत्या. इथे प्लास्टर, टाइल्स आणि काच.

सुताराकडून दोन बाय चार फुटांच्या सहा चौकटी करून घेतल्या, त्यांत चार इंच जाडीचे रॉकवूल भरून वर खादी ताणली. जागा ठरवायला आरसा पुरतो: आपण खुर्चीत बसायचे, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवायचा, स्पीकर दिसेल तिथे चौकट. अशा चार बाजूच्या भिंतींवर आणि दोन पाठीमागे लावल्या. शब्द मोकळे झाले. (अंड्यांचे ट्रे मात्र लावू नयेत; ते पातळ असतात, खालच्या स्वरांना अडवत नाहीत. आणि यातले काहीच बाहेरचे ढोलताशे थांबवत नाही.)

तरीही काही पुरुष गायकांच्या ध्वनिमुद्रिकांत घुमारा उरला, बायकांच्या गाण्यात नाही. उत्तर गणितात सापडले. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर एवढ्या अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंती सुमारे ७० आणि १४० हर्ट्झचे स्वर फुगवतात. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ आणि षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे माझी खोलीच काळी एकमध्ये लागलेली होती!

असे फुगलेले स्वर कोपऱ्यात सर्वांत दाट असतात, आणि आईची खुर्ची नेमकी कोपऱ्यात होती. ती रुंदीच्या मध्यावर आणली, कारण तिथे ७० हर्ट्झचा दाब सर्वांत कमी असतो. १४० चा मात्र तिथेही भरतो. त्यासाठी दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत दोन फूट जाडीचे रॉकवूलचे खांब उभे केले. घुमारा पूर्ण गेला नाही, पण गाण्याच्या आड येईनासा झाला.

त्या संध्याकाळी आईने एक नाट्यपद शेवटपर्यंत ऐकले, ओळी ओठांत म्हणत. मग म्हणाली, "आता कळतंय. तू उगाच मला डॉक्टरकडे नेलंस." म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नाही असे ठरवण्याआधी खोलीत एकदा टाळी वाजवून पाहावी, एवढेच मी शिकलो.