घोरपडीला दोर बांधाल तर आत जाल!

महाड-पोलादपुरात शिकारीचा हंगाम कधी सुरू होतो? सरकारी उत्तर दोन शब्दांचं आहे, कधीच नाही. परवाना कुठे मिळतो? कुठेच नाही. पण हे उत्तर पूर्वी इतकं सोपं नव्हतं.

१९७२ साली वन्यजीव (संरक्षण) कायदा आला, तेव्हा त्यात शिकारीचे चक्क चार परवाने होते. खास शिकारीचा, मोठ्या शिकारीचा, छोट्या शिकारीचा आणि सापळे लावून जनावर धरण्याचा. कोणत्या काळात शिकार बंद ठेवायची हे राज्य सरकार जाहीर करायचं. १९८१ मध्ये आपल्या कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, त्यानंतर दहाच वर्षांनी, १९९१ च्या दुरुस्तीत, परवान्यांची ही कलमं कायद्यातून पुसली गेली.

ती जुनी कलमं वाचायला मोठी मजेदार आहेत. परवाना खिशात असला तरी गाडीतून शिकार करायची नाही. विमानातून तर नाहीच. (पोलादपूरच्या कुठल्या शिकाऱ्याकडे विमान होतं, हे कायदा लिहिणाऱ्यालाच ठाऊक.) पाणवठ्यावर किंवा मीठ चाटायला येणाऱ्या जागी दबा धरायचा नाही, पिल्लांना हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या रानात त्याला न विचारता शिरायचं नाही. म्हणजे शिकार करा, पण सभ्य माणसासारखी करा!

छोटी शिकार, मोठा मान

‘छोट्या शिकारी’च्या यादीत कोण होतं बघा. यादीत कबुतराच्या कुळातले पक्षी होते, म्हणजे हरियालही आला. उंबराच्या झाडावर थव्याने बसणारा, पिवळ्या पायांचा हा हिरवट पक्षी आज महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. ज्याला परवाना काढून मारता यायचं, तो राजमुद्रेच्या पंगतीला जाऊन बसला. त्याच यादीतून एक भाऊबंद मात्र नाव घेऊन वगळलेला होता, तो म्हणजे खिडकीत गुटर्गू करणारं आपलं रोजचं पारवं. त्याला तेव्हा संरक्षण नव्हतं. अर्थात मुंबईच्या कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये जे रण माजलं, ते पाहता त्याला कायद्याची गरज नव्हतीच.

आणि कावळा! ज्यांना मारायला परवानाच लागत नव्हता अशा ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या यादीत उंदीर-घुशींबरोबर कावळाही होता. सरकारदरबारी उपद्रवी आणि पितृपक्षात पानाभोवती त्याचीच मनधरणी. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ती यादीच कायद्यातून गेली. अशा सहा याद्या, म्हणजे अनुसूची, होत्या, त्यांच्या चार झाल्या.

उमरठची घोरपड

तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात. सिंहगडाची लढाई १६७० ची, आणि तिच्यातली घोरपड शाळकरी पोरांनाही पाठ. इतिहासकार या घोरपडीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत, तो वाद त्यांनी लढावा. आपण फक्त आजचा कायदा लावून बघू. शिकार म्हणजे नुसतं ठार मारणं नव्हे. पकडणं, सापळ्यात अडकवणं, आमिष दाखवणं, हाकारे घालून पळवणं, जखमी करणं, पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं, हे सगळं ‘शिकार’ या एका शब्दात बसतं. घोरपड अनुसूची १ मध्ये आहे, वाघाच्या रांगेत. तिला धरून दोर बांधला की किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान २५,००० रुपये दंड. कडा चढायच्या आधी वनखात्याच्या फेऱ्या!

डुकराचं काय करायचं?

इथे मात्र हसू आवरतं घ्यावं लागतं. पोलादपूरच्या डोंगरउतारावर नाचणी-वरी आणि खाली खाचरांत भात. दाणा भरला की रानडुकरांचा कळप रात्रीत येतो. सकाळी बांधावर उभं राहिलं की दिसतं ते असं: वावभर रुंदीच्या पट्ट्यात पीक आडवं झालेलं, माती नांगरल्यासारखी उलथलेली, पाणथळ कोपऱ्यात लोळून केलेला खड्डा आणि शेजारच्या झाडाच्या खोडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर चोपडलेला ताजा चिखल. खाल्लं त्यापेक्षा तुडवलं जास्त. उपाय म्हणून शेताभोवती जुन्या साड्या, माळ्यावर जागल, रिकामा डबा बडवणं, फटाके. साड्यांना डुकरं चार दिवस बिचकतात, पाचव्या दिवशी त्यांच्याखालून वाकून आत येतात.

तर मग बंदूक? गंमत अशी की शिकारीचा परवाना गेला, शेतीसंरक्षणाचा राहिला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख स्वच्छ शब्दांत आहे. नळीतून दारू भरा, वर चिंधी ठासा, मग छर्रे, मग पुन्हा ठासा. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर पल्याडच्या वाडीत. निवडणूक लागली की ही बंदूकही पोलीस ठाण्यात जमा करायची. २०२४ ची विधानसभा नोव्हेंबरात झाली, म्हणजे आचारसंहिता ऐन भातकापणीत! डुकरांना मतदान नसलं तरी आचारसंहितेचा लाभ आहे.

शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. ती वेगळी. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली, उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर, वनखात्याकडून घ्यायची. राज्याने रानडुक्कर आणि रोही यांच्यापुरते हे अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणले. आणि एवढं सगळं करून डुक्कर पडलंच, तर ते शेतकऱ्याचं नाही. मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता. नाचणी तुमची, डुक्कर सरकारचं.

आपल्याकडे हे असं, तर अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये उलटंच टोक. तिथे हरणाला परवाना, हंगाम, संख्या, सगळं मोजून मापून. पण खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने मोकाट डुक्कर मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाच लागत नाही. भारतात बिहारने रोही व रानडुकरासाठी, उत्तराखंडने रानडुकरासाठी आणि हिमाचलने माकडांसाठी केंद्राकडून ठरावीक भागापुरता, ठरावीक मुदतीचा ‘उपद्रवी’ शिक्का मिळवला होता. केरळने २०२५ मध्ये हा शिक्का स्वतःच्या हाती घेण्याचं विधेयक विधानसभेत मंजूर केलं. कोकणातही डुकरं आणि माकडांवरून अशी मागणी अधूनमधून उठतेच. माझं मत विचाराल तर शिक्का मारून प्रश्न सुटणार नाही, पण कागद चार टेबलांवरून फिरवूनही सुटलेला नाही. चोरून लावलेले गावठी बॉम्ब तर दोन्हीपेक्षा वाईट, कारण पिठाच्या वासाने डुकराआधी गुरं आणि कुत्री येतात.

नवी बातमी त्यातल्या त्यात बरी. खरीप २०२६ पासून पीकविम्यात जंगली प्राण्यांनी केलेलं नुकसान धरलं जाणार आहे. अट एवढीच की ७२ तासांत ॲपवर फोटो टाकायचा. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत तीन दिवसांत रेंज मिळाली तर डुकराची तक्रार नक्की पोचेल.

हंगाम नदीत चढतो

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, कारण मासे अंड्यांवर असतात. नेमक्या त्याच दिवसांत सावित्री, काळ आणि त्यांच्या ओहोळांत पहिल्या पुराबरोबर मासे उलटे खाचरांकडे चढतात आणि पाग, टोपल्या, बॅटऱ्या घेऊन अख्खी वाडी खाली उतरते. चढणीच्या माशांची चव मी नाकारणार नाही, पण तव्यावर प्रत्येक मासा गाबोळीने फुटलेला असतो हेही नाकारता येत नाही. जगात ज्या काळाला ‘बंद हंगाम’ म्हणतात, तोच आपला मुख्य हंगाम! सुरुंग किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे ही खोड सव्वाशे वर्षं तरी जुनी.

याच काळ नदीवर, महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत मात्र बारमाही बंद हंगाम आहे, तोही विनापरवाना. डोहातले मोठाले महाशीर वरदायिनी देवीचे, म्हणून कोणी गळ टाकत नाही. कुरमुरे टाकले की ते झुंडीने वर येतात, अंगठ्याएवढे खवले उन्हात चमकवत. ना पहारेकरी, ना पावती पुस्तक, ना अनुसूची.

आणि ज्यांना सगळं माफ

सावित्रीच्या महाडकडच्या पात्रात मगरी आहेत, भरपूर आहेत. २०२३ मध्ये उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर यांनी त्यांच्यावरची निरीक्षणं एका शास्त्रीय नियतकालिकात छापली आणि या मगरी जगभरच्या बातम्यांत झळकल्या. या मगरी मिळून मासे घेरतात. नाकाडावर काड्या ठेवून पाण्यात निश्चल पडतात. घरट्यासाठी काडी शोधणारा बगळा जवळ आला की संपलं. (माणसाने असं आमिष लावलं तर तो गुन्हा.) निर्माल्यातली झेंडूची फुलं तरंगत आली की त्यांच्यात जाऊन लोळतात, अंगाला लावून घेतात. अभ्यासकांचा अंदाज असा की झेंडूतली जंतुनाशक द्रव्यं घाण पाण्यात त्यांच्या कातडीला उपयोगी पडत असावीत. मगरीची सौंदर्यसाधना म्हणून खपवायला आपली हरकत नाही.

सगळ्यात चर्चा झाली ती कुत्र्याच्या गोष्टीची. भटक्या कुत्र्यांच्या टोळीने एका कुत्र्याला नदीत हाकललं, समोर मगरी. पण त्यांनी त्याला खाल्लं नाही, नाकाडाने ढकलत सुरक्षित काठाकडे लावून दिलं. का? अभ्यासकांनी ‘सहानुभूती’ हा शब्द सुचवला आहे. पोट भरलेलं असेल, असा महाडच्या नाक्यावरचा एखादा संशयात्मा म्हणेल. कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. मगरीने बगळा उचलला काय किंवा कुत्रा सोडला काय, तिच्यावर कलम नाही. काठावरून नेम धरून दगड मारून तिला जखमी केलंत, तर ती शिकार धरली जाईल आणि कलमं तुमच्यावर लागतील.