जिप्सीची क्लचप्लेट घरच्या घरी

अंजूरफाटा ते माणकोली रोजच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी चालवली की क्लचप्लेट लवकर जाते. शेजारच्या काकांच्या मारुती जिप्सीचं तेच झालं. चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, पण गाडी पळायची नाही. आम्ही ती अंगणातच उघडली.

१९८५ साली आलेल्या या गाडीची एक गोष्ट मला फार आवडते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगवेगळे, मध्ये छोटा प्रोपेलर शाफ्ट. त्यामुळे ट्रान्सफर केस जागेवर ठेवून गिअरबॉक्स एकटा उतरवता येतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावाच.

गिअरबॉक्स उतरवला की प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. आमच्या प्लेटचे रिव्हेट फ्लायव्हीलला घासू लागले होते. फ्लायव्हीलवर खोल चरे किंवा निळे डाग असतील तर तो टर्नरकडे न्या. क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं असेल तर आत्ताच बदला, नाहीतर नवी प्लेटही तेलकट होऊन स्लिप होणार.

रिलीज बेअरिंगही नवंच टाका, आणि ते पेट्रोलने धुऊ नका, आतलं ग्रीस जातं.

बसवताना प्लेट मधोमध हवी, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. ॲलाइनमेंट टूल नसेल तर जुना इनपुट शाफ्ट चालतो. शेवटी केबल ॲडजस्ट करून पेडलला थोडा फ्री प्ले ठेवा.

कुठे अडलं तर कमेंटमध्ये फोटो टाका, नक्की सांगतो.