लिलावातील किंमत कशी ठरते?

लिलाव हा शब्द आमच्या लाखनीच्या विद्यार्थ्यांस नवा नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यात तेंदूपत्त्याचे लिलाव होतात, रेतीघाटांचे लिलाव होतात, आणि त्यांत कोणी किती बोली केली याची चर्चा पुढे कित्येक दिवस चालते. या लिलावांत मालाचा उपयोग सर्वांस ठाऊक असतो. म्हणून बोली कोठवर चढेल याचा अंदाज जाणत्या माणसास बांधता येतो. परंतु ज्या वस्तूचा व्यवहारात आता काहीच उपयोग उरला नाही, तिच्यासाठीही श्रीमंत लोक एकमेकांशी चढाओढ करितात, ती का? या प्रश्नाचा थोडासा उलगडा येथे करावा असा आमचा विचार आहे.

प्रथम एक परदेशी उदाहरण घेऊ. रेल्वेच्या स्थानकावर नाणे टाकले असता वजनाचे पुठ्ठ्याचे तिकीट देणारे यंत्र आमच्या वाडवडिलांनी पाहिलेले आहे. त्याच जातीचे, परंतु जुगारासाठी केलेले जे यंत्र, त्यास स्लॉट मशीन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी चार्ल्स फे नावाच्या कारागिराने ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र तयार केले. त्यात तीन चक्रे असत. नाणे टाकून दांडा ओढला की चक्रे गरगर फिरून एकामागून एक थांबत. तिन्ही चक्रांवर घंटेचे चित्र एका ओळीत आले म्हणजे सर्वांत मोठे बक्षीस, ते म्हणजे पन्नास सेंट, मिळे. प्रत्येक चक्रास थांबण्याच्या जागा दहा. म्हणून चित्रांच्या जुळण्या 10 × 10 × 10 म्हणजे 1,000 होत. एका चक्रावर घंटा एकच असेल तर हजारांत एकदाच तीन घंटा जुळावयाच्या, हे गणित आमचे विद्यार्थी सहज करू शकतील. यंत्राचा मालक श्रीमंत का होई व खेळणारा रिकाम्या खिशाने घरी का जाई, याचे उत्तरही त्याच गणितात आहे.

असे हे यंत्र आज लिलावात आले तर संग्राहक त्याच्या मूळ किमतीच्या अनेक पट देण्यास सिद्ध असतात. कारण असे की, ती यंत्रे फारच थोडी उरली आहेत. फे याने आपली यंत्रे सरसकट विकली नाहीत. ती तो दुकानदारांकडे ठेवी व उत्पन्नाचा वाटा घेई. 1906 साली सॅन फ्रान्सिस्को येथे भयंकर भूकंप व आग झाली, त्यात त्याचा कारखाना नष्ट झाला. पुढे शिकागोच्या मिल्स कंपनीने अशी यंत्रे मोठ्या संख्येने काढिली; परंतु जुगाराविरुद्ध कायदे कडक झाल्यावर ठिकठिकाणी ती जप्त होऊ लागली. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी 1934 साली जप्त यंत्रे स्वतः हाती घण घेऊन फोडिली व ती पाण्यात बुडविण्यात आली. जे सर्वत्र होते ते अशा रीतीने दुर्मिळ झाले. याउलट, गोव्यात 1992 च्या कायदादुरुस्तीने मोठ्या हॉटेलांत ज्या विद्युत्‌यंत्रांस परवानगी मिळाली, ती एकसारखी व मुबलक असल्याने त्यांचा संग्रह करावा असे कोणास वाटत नाही.

तथापि केवळ दुर्मिळता पुरत नाही. जगात एकच असलेली पण कोणासही नको असलेली वस्तू कवडीमोलाची ठरते. लिलावात किंमत चढण्यास निदान दोन इच्छुक लागतात. समजा, एका वस्तूसाठी एक गृहस्थ 100 रुपये देण्यास तयार आहेत आणि दुसऱ्याची मजल 40 रुपयांपर्यंतच आहे. तर ती वस्तू पहिल्यास चाळिसांहून किंचित अधिक रकमेस मिळेल. म्हणजे किंमत ठरविणारा मनुष्य जिंकणारा नसून हरणारा होय! दोघेही हट्टाचे असले तर मात्र आकडा भलताच वर जातो.

तिसरी गोष्ट अस्सलपणाची. किमती वाढल्या की नकला निघतात. म्हणून जाणकार मनुष्य यंत्राचे स्क्रू, ओतीव काम, मूळ रंग व आतील भाग बारकाईने तपासतो. नवा रंग देऊन चकचकीत केलेल्या यंत्रापेक्षा जुन्याच रंगाचे, थोडे झिजलेले यंत्र तो अधिक पसंत करितो. जुन्या नाण्यांचेही असेच आहे. चिंचेने घासून लखलखीत केलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने बिघडलेले असते.

चौथी गोष्ट, व आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणजे वस्तूची हकीकत. याचे उदाहरण शोधण्यास अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांच्या नावाची तलवार 29 एप्रिल 1925 नव्हे, तर अगदी अलीकडे, 29 एप्रिल 2025 रोजी लंडन येथे सॉदबी या संस्थेच्या लिलावात निघाली. रघूजींच्या राज्यात आमचा भंडारा प्रांतही मोडत असे. तलवारीचे पाते सरळ, एकधारी व युरोपात घडविलेले आहे; अशा तलवारीस फिरंग म्हणत. मूठ मुल्हेरी धाटणीची असून तिच्यावर सोन्याचे काम आहे. पात्याच्या पाठीवर देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव, छत्रपती शाहू महाराजांनी दिलेल्या ‘सेनासाहेबसुभा’ या पदवीसह, सोन्याने कोरलेले आहे.

संस्थेने लिलावापूर्वी या तलवारीची किंमत 6,000 ते 8,000 पौंड अंदाजिली होती. प्रत्यक्षात ती 38,100 पौंडांस गेली. यात एक बारीक हिशेब आहे. अंतिम बोली पुकारून हातोडा पडतो ती रक्कम निराळी व खरेदीदाराने भरावयाची रक्कम निराळी. 30,000 पौंडांची बोली व तिच्यावर शेकडा 27 प्रमाणे संस्थेचा अधिभार 8,100 पौंड मिळून 38,100 होतात. तलवार महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत घेतली. वाहतूक, विमा इत्यादी धरून एकंदर खर्च सुमारे 47 लाख 15 हजार रुपये झाला. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात ती मुंबईस पोहोचली.

आता विचार करावा. युरोपी पाती त्या काळी हिंदुस्थानात पुष्कळ येत. हीच तलवार निनावी असती तर शासनाने तिच्यासाठी धाव घेतली असती काय? पोलादाची किंमत थोडी, सोन्याचीही बेताचीच. चढाओढ झाली ती त्या कोरलेल्या चार शब्दांसाठी.

हे ध्यानात घेऊन आमच्या वाचकांनी आपल्या घराकडे दृष्टी टाकावी. भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. आमच्या घराघरांतील हंडे, गुंड, परातींवर आजी-पणजींची नावे व लग्नाची साले घातलेली आढळतात. ही भांडी लंडनच्या लिलावात लाखांस जातील, असे सांगून आम्ही कोणास भुलवू इच्छीत नाही. बहुतेकांस मोडीचाच भाव येईल. परंतु मोडीत गेलेले भांडे वितळले की त्यावरील नाव कायमचे पुसले जाते, आणि कुटुंबाचा तो लेख पुन्हा कोणत्याही बोलीने मिळत नाही. म्हणून विकण्यापूर्वी निदान त्यावरील अक्षरे वहीत उतरून घ्यावी व ते कोणाचे, कोठून आले, हे वडील माणसांस विचारून लिहून ठेवावे.

कायद्याच्या दोन गोष्टीही माहीत असाव्यात. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू परदेशी नेण्यास 1972 च्या कायद्याने खासगी व्यक्तींस मनाई आहे, व त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. तसेच शेत नांगरताना वा पाया खणताना दहा रुपये वा अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर 1878 च्या कायद्यान्वये त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस दिली पाहिजे.

सारांश, दुर्मिळता, इच्छुकांची चढाओढ, अस्सलपणा व हकीकत या चार गोष्टींनी लिलावातील किंमत ठरते. पहिल्या तीन आपल्या हाती नाहीत. चौथी मात्र एक वही व एक लेखणी यांच्या साह्याने कोणीही विद्यार्थी आजच जतन करू शकेल.