घरून व्हॉइस-ओव्हर करायचंय? माईक घेण्याआधी खोली ऐका

‘घरून व्हॉइस-ओव्हरचं काम सुरू करायचंय, कोणता माईक घेऊ?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्यांत शिक्षिका असतात, हौशी नाटकात काम केलेले असतात, नोकरी सांभाळून रात्री दोन तास काढू बघणारेही असतात. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आलं तेव्हापासून मराठी ऑडिओबुक हा प्रकार बऱ्याच जणांच्या ओळखीचा झाला. त्याच्या जोडीला ई-लर्निंगचे कोर्स आहेत, यूट्यूब चॅनेल आहेत, आणि फोनवरचे ‘मराठीसाठी एक दाबा’वाले आवाज आहेत. काम आहे. पण काम देणारा बहुतेक वेळा स्टुडिओ देत नाही, ‘घरूनच रेकॉर्ड करून फाईल पाठवा’ म्हणतो.

मी ठाण्यातल्या एका वन बीएचकेमधून हेच काम करतो, आणि माईकच्या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर आहे: आत्ता कुठलाच घेऊ नका. आधी तुमचं घर कसं ऐकू येतं ते बघा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

फोनवरची फुकट चाचणी

मोबाईल फ्लाईट मोडवर टाका. घरातल्या प्रत्येक खोलीत जा, रेकॉर्डर सुरू करा आणि अर्धा मिनिट काहीही न बोलता उभे राहा. मग एक टाळी वाजवा. मग कुठलाही एक परिच्छेद वाचा. सगळ्या खोल्या झाल्या की हेडफोन लावून एकामागोमाग एक ऐका.

दोन गोष्टी कानावर येतील. पहिली म्हणजे घरातला आवाज: फ्रीजची घरघर, पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची. दुसरी म्हणजे खोलीचं घुमणं. हॉलमध्ये टाळी ‘टण्ण’ करून रेंगाळेल. कपड्यांनी भरलेल्या कपाटाजवळ तीच टाळी ‘टप्’ होऊन संपेल.

या दोन वेगळ्या कटकटी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. भिंतीला फोम चिकटवला की बाहेरचा आवाज थांबेल असं लोकांना वाटतं. नाही थांबत. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे जाड भिंत, भरीव दार आणि एकही फट नाही. फोम हलका आणि सच्छिद्र असतो. तो खोलीतल्या खोलीत परत येणारा आवाज थोडा शोषतो, बस्स. भाड्याच्या घरात नवी भिंत बांधता येत नाही, त्यामुळे बाहेरच्या आवाजाचा इलाज खोली आणि वेळ निवडण्यात आहे. खिडकीच्या फटीला रबराची पट्टी आणि दाराखाली गुंडाळलेली चादर, एवढंच काय ते वर करता येतं.

उणे ६० हा आकडा

‘शांत’ म्हणजे नेमकं किती शांत? ऑडिबलच्या एसीएक्स या व्यासपीठाने ऑडिओबुकसाठी आकडे जाहीर केलेले आहेत, आणि दुसरीकडे काम करणार असलात तरी फूटपट्टी म्हणून ते चांगले आहेत. आवाजाची सरासरी पातळी, म्हणजे आरएमएस, उणे २३ ते उणे १८ डेसिबल. सर्वात मोठा उच्चार उणे ३ च्या खाली. आणि तुम्ही गप्प असताना जे उरतं, ज्याला नॉईज फ्लोअर म्हणतात, ते उणे ६० च्या खाली. हे आकडे उणे का? डिजिटल फाईलमध्ये शून्य म्हणजे छत. त्याच्या वर गेलं की आवाज फाटतो. म्हणून सगळं मोजमाप छतापासून खाली.

आता हे घराच्या भाषेत आणू. तुमचा आवाज सरासरी उणे २० ला ठेवला तर खोलीचा आवाज त्याहून ४० डेसिबलने खाली हवा. साधं बोलणं एक मीटरवर अंदाजे ६० डेसिबल भरतं. माईक वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरवर असेल तर तिथे ते ७४ च्या आसपास पोहोचतं. त्यातून ४० वजा केले की उरले ३४. रात्री शांत बेडरूममध्ये साधारण ३० डेसिबल असतात. म्हणजे जमतं, पण अगदी काठावर. पंखा लावला की गेलं!

या हिशोबातच सर्वात स्वस्त सुधारणा लपलेली आहे. माईकचं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि खोलीचा आवाज होता तिथेच राहतो. दोन फुटांवर बसून गेन वाढवणाऱ्याने एक फुटावर यावं, मग वीतभर. त्याहून फार जवळ मात्र जाऊ नका. चार बोटांच्या अंतरावर बहुतेक माईक खालचे सूर फुगवतात आणि आवाज घशात अडकल्यासारखा ऐकू येतो.

नाशिकची गोष्ट

माझ्या ओळखीच्या एक निवेदिका नाशिकला राहतात. मुलं मोठी झाली, वाचनाची आवड आधीपासून होती. साठवलेल्या पैशांतून त्यांनी चांगला कंडेन्सर माईक आणि ऑडिओ इंटरफेस घेतला. नमुना पाठवला, परत आला. दुसरा पाठवला, तोही परत आला. सोबत एवढंच वाक्य: खोली ऐकू येतेय. त्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की आपल्या आवाजातच काहीतरी कमी आहे. मला फोन केला तेव्हा त्या माईक विकायच्या विचारात होत्या.

मी त्यांची फाईल ऐकली. आवाज उत्तम होता, उच्चार तर अनेक व्यावसायिकांपेक्षा स्वच्छ. पण रेकॉर्डिंग हॉलमध्ये केलेलं. खाली गुळगुळीत टाईल्स, एका बाजूला काचेचं शोकेस, समोर रिकामी भिंत. तोंडातून निघालेला आवाज मीटरभरावरच्या भिंतीवर आपटून परत यायला जेमतेम सहा मिलिसेकंद लागतात. इतका लहान पडसाद कानाला वेगळा कळत नाही, तो मूळ आवाजात मिसळतो आणि सगळं डब्यात बसून बोलल्यासारखं होतं. कंडेन्सर माईक हे सगळं इमानदारीने टिपतो. म्हणजे माईक जितका चांगला तितकी खोली उघडी पडते.

पुढच्या शनिवारी मी तिकडे गेलो. बेडरूममध्ये कपड्यांचं कपाट आणि पलंग यांच्यामध्ये एक कोपरा होता. कपाटाची दारं उघडी ठेवली, कपडे आत तसेच. कपडे वाळत घालायचे दोन स्टँड उभे केले आणि त्यांच्यावर घरातल्या जाड गोधड्या दुहेरी करून टाकल्या. एक स्टँड त्यांच्या पाठीमागे, एक बाजूला. खाली सतरंजी. समोरच्या छोट्या टेबलावर टॉवेल, कारण टेबलावरूनही आवाज उसळून माईकमध्ये शिरतो.

गोधडी पाठीमागे का? बहुतेक माईक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरून जास्त ऐकतात आणि मागून सर्वात कमी. तुम्ही माईकच्या समोर बसता, तेव्हा माईक तुमच्याकडे आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे ‘बघत’ असतो. लोक हौसेने माईकच्या मागच्या भिंतीला फोम लावतात आणि स्वतःची पाठ उघड्या भिंतीला देऊन बसतात. सुरुवात आपल्या पाठीमागून करा. आणि माईकची पाठ खिडकीकडे येईल असं बसा.

तोच माईक, तोच आवाज, तोच उतारा. तिसरा नमुना पास झाला.

फोम, अंड्याचे ट्रे आणि गोधडी

गोधडी गरिबीचा उपाय म्हणून सांगत नाही, त्यामागे साधा हिशोब आहे. एखादी गोष्ट आवाज नीट शोषायला त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या निदान पाव भाग जाडी लागते. एक इंच फोम साधारण साडेतीन हजार हर्ट्झच्या वरचंच नीट शोषतो. म्हणजे ‘स’ची धार कमी होते, पण आवाजाचा गाभा, जो शंभर ते हजार हर्ट्झमध्ये असतो, तो घुमतच राहतो. खोली आणखी कोंदट वाटते. जाड गोधडी भिंतीला चिकटवण्याऐवजी भिंतीपासून चार इंच पुढे टांगली तर मधली हवाही मदतीला येते आणि ती आठ-नऊशे हर्ट्झपर्यंत उपयोगी पडते. म्हणून स्टँड. कायमचं काही करायचं असेल तर लाकडी चौकटीत दोन ते चार इंच रॉकवूल भरून वर कापड ताणायचं. रॉकवूलचे तंतू खाजवतात, हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावा.

अंड्याचे ट्रे मात्र नकोत. पातळ पुठ्ठा, शोषण जवळजवळ नाही, आणि पेट घ्यायला तयार.

आता माईक

हे मी मुद्दाम थोडक्यात उरकतो. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती ऑडिओ इंटरफेसमधून मिळते. डायनॅमिकला ती लागत नाही, पण त्याचा सिग्नल कमजोर असल्याने इंटरफेसमध्ये भरपूर आणि स्वच्छ गेन हवा. ‘डायनॅमिक माईक खोलीचा आवाज घेतच नाही’ हे अर्धसत्य आहे. तो आपण जवळून वापरतो, म्हणून खोली कमी ऐकू येते.

खरेदी करताना किमतीच्या आधी सेल्फ नॉईजचा आकडा बघा, कारण माईकला स्वतःचीही सळसळ असते. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० ची २० डेसिबल, रोडच्या एनटी१-ए ची फक्त ५. जाहिरातीच्या जोरकस वाचनात हा फरक लपून जातो, ऑडिओबुकच्या हळुवार प्रसंगात ऐकू येतो. एकट्यानेच रेकॉर्डिंग करायचं असेल तर यूएसबी माईकने सुरुवात करायलाही हरकत नाही.

पॉप फिल्टर मात्र घ्याच. आपल्या भाषेत फ, भ, ख, थ असे श्वास सोडणारे उच्चार जागोजागी आहेत. ‘भाकरी’, ‘फळा’ माईकसमोर सरळ म्हणून बघा, हवेचा धपका बसतो. फिल्टर माईकपासून चार बोटं पुढे ठेवा आणि माईक तोंडासमोर न धरता थोडा तिरका, गालाच्या रेषेत ठेवा. हवा सरळ निघून जाते, आवाज माईकला मिळतो. ‘स’ फार टोचत असेल तर तोही यानेच थोडा मवाळ होतो.

गुणगुण ऐकू येतेय? आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे तो सूर आणि त्याचे १००, १५० हर्ट्झचे भाऊबंद केबलमधून घुसतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण गेली तर अर्थिंगमध्ये खोट असू शकते, इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा ‘जुगाड’ काही जण सांगतात. तो जिवावर बेतू शकतो, अजिबात करू नका.

रेकॉर्ड करताना

ऑडॅसिटी फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, वेव्ह फाईल. (ऑडिओबुकला बहुधा ४४.१ किलोहर्ट्झ मागतात, सूचना वाचा.) मोठ्यात मोठा उच्चार उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहील इतकाच गेन ठेवा. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, नंतर पातळी वाढवता येते. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही. हेडफोन वायरचे, कान पूर्ण झाकणारे. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो आणि जीभ अडखळते.

नंतरच्या साफसफाईत ८० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने काढून टाका, तिथे गाड्यांची धडधडच असते. नॉईज रिडक्शन ६ ते ९ डेसिबलपर्यंत ठीक. त्यावर गेलं की शब्दांची टोकं पाण्याखालून आल्यासारखी होतात, आणि ऐकणाऱ्या संपादकाला ते लगेच कळतं. दोन वाक्यांमधली जागा पूर्ण कोरी करू नका, कानाला खड्डा पडल्यासारखं वाटतं. दर बैठकीला खोलीची ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून ठेवा आणि तीच त्या जागी लावा.

राहता राहिली वेळ. माझ्याकडे रात्री अकरा ते दीड आणि पहाटे पाच ते साडेसहा या वेळा चालतात. सहानंतर कबुतरं, साडेसातपासून कुकरच्या शिट्ट्या. पावसाळ्यात खिडकीवरचा पत्रा वाजतो आणि पाऊस थांबला की रातकिडे सुरू होतात, म्हणून जून ते सप्टेंबर मी तारीख देताना दोन दिवस जास्तीचे मागून घेतो. गणपतीच्या दहा दिवसांत मोठं काम घेतच नाही. मे महिन्यात पंखा बंद करून गोधड्यांमध्ये बसणं म्हणजे शिक्षा असते, तेव्हा वीस मिनिटं वाचायचं, दहा मिनिटं पंखा लावून संपादन करायचं, पुन्हा वीस मिनिटं. फ्रीज बंद करत असाल तर गाडीची किंवा घराची चावी त्याच्यात ठेवा, म्हणजे सकाळी बाहेर पडताना तो पुन्हा सुरू करायची आठवण राहते.